खिशात मावणारे कमी बोअरचे पिस्तूल स्वसंरक्षणासाठी बाळगणे कितपत योग्य आहे?

प्रश्न : काजू व्यापारी, डिचोली

नमस्कार. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत काजूबियांच्या खरेदीचा आमचा वडिलोपार्जित व्यवसाय आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत होंडा, वाळपई, केरी या भागांत गावोगाव फिरून माल घ्यावा लागतो. अनेक लहान बागायतदार आजही रोखीनेच पैसे मागतात. त्यामुळे सकाळी निघताना गाडीत बऱ्यापैकी रक्कम असते आणि कोणत्या वारी आम्ही कोणत्या वाटेने जातो हे साऱ्या गावाला ठाऊक असते. गेल्या हंगामात दोन मोटरसायकलस्वारांनी रानातल्या रस्त्यावर बराच वेळ माझ्या पिकअपचा पाठलाग केला. पुढे काही घडले नाही, परंतु तेव्हापासून घरच्यांच्या जिवाला घोर लागून राहिला आहे.

वडिलांच्या नावे पीकसंरक्षणासाठी बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना आहे. ती बागायतीत ठीक आहे, गाडीत घेऊन फिरण्याची वस्तू नव्हे. म्हणून स्वतःच्या नावे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करण्याचा माझा विचार आहे. ओळखीच्या एका परवानाधारकाकडे .२५ बोअरचे, म्हणजे पाव इंच व्यासाच्या नळीचे, जुने विलायती पिस्तूल आहे. ते तळहातात मावते आणि रीतसर परवानगी मिळाल्यास विकण्याची त्यांची तयारी आहे. दुसरा पर्याय आयुध निर्माणीच्या .२२ बोअरच्या ‘निडर’ रिव्हॉल्व्हरचा आणि तिसरा .३२ च्या रिव्हॉल्व्हरचा. आपल्याकडच्या उकाड्यात अंगावर पातळ शर्टाशिवाय काही ठेववत नाही, त्यामुळे मोठे शस्त्र लगेच नजरेस येते. म्हणूनच मन .२५ कडे झुकते आहे. जाणकारांना माझे विचारणे एवढेच आहे की इतक्या लहान गोळीने समोरचा हल्लेखोर खरोखर थांबतो का, आणि काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असे म्हणता येईल का?

उत्तर : निवृत्त शस्त्र प्रशिक्षक, फोंडा

आपण प्रश्न योग्य वेळी, म्हणजे खरेदीच्या आधी विचारला, याचे समाधान वाटते. प्रथम गोळीच्या ताकदीविषयी. .२५ बोअरची गोळी साधारण सव्वातीन ग्रॅम वजनाची असते आणि आखूड नळीतून बाहेर पडताना तिच्यात जेमतेम ८५ ज्यूल ऊर्जा असते. ‘.२२ लाँग रायफल’ नावाच्या काडतुसाची गोळी लहान नळीतून सुटली तर सुमारे १०० ज्यूल भरते. .३२ चे पिस्तूल आणि .३२ चे रिव्हॉल्व्हर ही दोन्ही १५० ते १७५ ज्यूलच्या आसपास असतात, तर ज्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाशी लोक नकळत तुलना करतात ते पाचशे ज्यूलच्या घरात जाते. ९ मिलिमीटर आपल्या देशात निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि सामान्य नागरिकाला मिळत नाही. त्यामुळे आपली निवड मुळातच लहान कॅलिबरमध्ये, म्हणजे लहान बोअरमध्ये होणार आहे, हे मान्य करून पुढे गेलेले बरे.

परंतु ज्यूलचे आकडे पाहून निर्णय घेऊ नये. हातातल्या शस्त्राची गोळी, मग ती कोणत्याही बोअरची असो, माणसाला धक्क्याने खाली पाडत नाही. हल्लेखोर तत्काळ थांबतो तो मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली तर. अन्यथा रक्तस्राव होऊन तो थांबायला वेळ लागतो. हृदय निकामी झाले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा ते पंधरा सेकंद हालचाल करू शकतो. अमेरिकेत १९८६ मध्ये मायामी येथे झालेल्या चकमकीत एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेच्या लोकांना याचा भयंकर अनुभव आला आणि त्यानंतर त्यांनी गोळी चाचणीच्या जिलेटिनमध्ये किमान बारा इंच शिरली पाहिजे असा निकष ठरवला. .२५ आणि .२२ या निकषाच्या काठावर उभ्या असतात. जाड कपडा किंवा आडवा आलेला हात मध्ये आला की त्या मागे पडतात. पोकळ टोकाची गोळी घेऊन ही उणीव भरून काढता येईल असे काही जण सांगतात, पण एवढ्या कमी वेगात ती गोळी एक तर फुगतच नाही किंवा फुगली तर पुरेशी खोल जात नाही. या बोअरमध्ये साधी भरीव टोकाची गोळीच बरी.

आता त्या जुन्या पिस्तुलाविषयी, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. जॉन ब्राउनिंग यांनी १९०५ च्या सुमारास .२५ चे काडतूस तयार केले ते ताकदीसाठी नव्हे, तर खात्रीने पेटण्यासाठी. .२२ च्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत पसरलेला असतो आणि तो सर्वत्र सारखा पसरला नसेल तर काडतूस फुसके निघते. .२५ मध्ये कॅप बुडाच्या मध्यभागी बसवून हा दोष त्यांनी दूर केला. तत्त्व उत्तमच आहे. मात्र ज्या शस्त्राची स्प्रिंग काही दशके दाबलेल्या अवस्थेत राहिली आहे, ज्याच्या मॅगझिनचे, म्हणजे काडतुसांच्या पेटीचे, ओठ किंचित फाकलेले आहेत आणि ज्याला नवे सुटे भाग मिळत नाहीत, त्या शस्त्राला ते तत्त्व वाचवू शकत नाही. परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी बंद असल्यामुळे ही पिस्तुले भारतात सोन्याच्या भावाने विकली जातात. ती किंमत दुर्मीळपणाची आहे, उपयुक्ततेची नव्हे.

या जातीच्या अनेक जुन्या पिस्तुलांत नळीत काडतूस भरलेले असताना फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आघात करणारी पिन) मागे ताणलेली असते आणि तिला एक लहानशी कडी रोखून धरते. पिस्तूल हातातून निसटून फरशीवर पडले आणि ती कडी झिजलेली असेल, तर गोळी सुटू शकते. आधुनिक शस्त्रात असते तशी पिन अडवणारी स्वतंत्र योजना यांच्यात नसते. नळी रिकामी ठेवून बाळगावे म्हटले तर संकटाच्या क्षणी स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस टुलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते की चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात कापतो. कोयता घेऊन गाडीच्या दाराशी आलेल्या माणसापुढे दोन हातांची कसरत करायला आपल्याला तेवढाही वेळ मिळणार नाही.

एक प्रयोग घरीच करून पाहावा. लाकडाचा पिस्तुलाएवढा तुकडा पँटच्या खिशात ठेवा, पिकअपमध्ये बसा, पट्टा लावा आणि तो तुकडा बाहेर काढण्याचा प्रयत्न करा. बसल्यावर मांडीवर कापड ताणले जाते, खिशाचे तोंड मिटते, कोपर दरवाजाला आपटते. आपला धोका गाडीत बसलेले असतानाचा आहे, त्यामुळे खिशात मावण्याचा जो गुण आपण मोठा मानत आहात तो आपल्या कामात फारसा उपयोगी पडणार नाही.

माझा सल्ला .३२ च्या रिव्हॉल्व्हरचा आहे. काडतूस फुसके निघाले तर रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात तेच फुसके काडतूस हाताने बाहेर काढावे लागते. कानपूरच्या निर्माणीने २०१४ मध्ये आणलेले .३२ चे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. ‘निडर’ त्याहून खूपच हलके, सुमारे २५० ग्रॅमचे आहे आणि रिव्हॉल्व्हर असल्यामुळे .२२ चा फुसकेपणाचा दोष त्यात थोडा सौम्य होतो. तरीही एकच शस्त्र घ्यायचे असेल तर .३२ सोडू नये.

उत्तर : नेमबाजी करणारी, पेडणे

वरील विवेचन मोलाचे आहे, परंतु एका मुद्द्यावर मला वेगळे म्हणायचे आहे. कोणते कॅलिबर घ्यावे हा प्रश्न, ते शस्त्र चालवणारा हात कोणता आहे हे पाहिल्याशिवाय सुटत नाही. .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर नवख्याच्या हातात दिले तर चाप इतका जड लागतो की नळीचे टोक खाली झुकते आणि सात मीटरवरच्या कागदी लक्ष्याच्या खालच्या काठाबाहेर गोळ्या जातात. पहिल्या गोळीचा आवाज आणि धक्का बसला की दुसऱ्या वेळी डोळे आपोआप मिटतात. त्याच व्यक्तीला .२२ दिले तर थोड्याच सरावात पाचही गोळ्या वहीच्या पानाएवढ्या जागेत बसू लागतात. छातीत नेमकी लागलेली .२२ ची गोळी, खांद्यावरून निघून गेलेल्या .३२ पेक्षा अधिक उपयोगाची आहे, हे मी मनापासून मानते.

मात्र ‘लहान पिस्तूल चालवायला सोपे’ ही समजूत मनातून काढून टाकावी. शस्त्र जितके आखूड तितके नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या माशीतले अंतर कमी आणि नेमातली बारीक चूकही लक्ष्यावर मोठी होते. मुठीत दोनच बोटे बसतात, करंगळी हवेत राहते. लहान पिस्तुलांची स्लाइड मागे ओढायला पुष्कळ जोर लागतो, कारण अशा साध्या रचनेच्या पिस्तुलात स्फोटाचा सारा दाब तेवढी ताठ स्प्रिंग आणि स्लाइडचे वजन यांनाच पेलायचा असतो. ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे त्यांच्यासाठी इटलीच्या बेरेटा कंपनीने काही लहान पिस्तुलांची नळी मागच्या टोकाने वर उघडणारी केली. स्लाइड न ओढता काडतूस थेट नळीत ठेवता येते. एका नामांकित कंपनीला एवढा खटाटोप करावा लागला, यावरूनच अडचण किती खरी आहे ते कळते.

आपल्या हवामानाबद्दलही लिहायला हवे. जून ते सप्टेंबर गोव्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. खिशातल्या शस्त्राला घाम आणि खारी हवा दोन्ही मिळतात. माझ्या पाहण्यातल्या एका जुन्या पिस्तुलाची मॅगझिन उघडली तेव्हा वरच्या काडतुसाच्या पितळेवर हिरवट थर चढला होता आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत खिशातले सूत, तंबाखूचा चुरा आणि तेल यांचा काळा लगदा साचला होता. ते पिस्तूल बाहेरून आरशासारखे लखलखीत होते. म्हणून खिशात ठेवायचेच असेल तर चाप पूर्ण झाकणारे खिशाचे होल्स्टर (शस्त्राचे म्यान) वापरावे आणि त्या खिशात किल्ली, नाणे, मोबाइल, काहीही दुसरे ठेवू नये. चामड्याचे होल्स्टर ओल धरून ठेवते, तेव्हा रात्री शस्त्र त्यातून काढून पुसून ठेवावे.

उत्तर : वकील, म्हापसा

शस्त्राच्या गुणदोषांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, पण कायद्याची बाजू या चर्चेत यायला हवी, कारण तिच्यावर निवड पुष्कळशी अवलंबून आहे.

पहिली गोष्ट, वडिलांची बंदूक आपण एकट्याने गाडीत घेऊन फिरू नका. परवाना व्यक्तीच्या नावे असतो आणि शस्त्र अधिनियम, १९५९ मधील २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. दुसरी गोष्ट, एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकायचे असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवून पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात. म्हणून ओळखीच्या गृहस्थांना आगाऊ पैसे देऊ नका. अगोदर आपला परवाना होऊ द्या. अर्जासोबत शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागेल, आणि पोलिसांच्या अहवालात आपल्या जिवाला नेमका काय धोका आहे हे पाहिले जाईल. मोटरसायकलस्वारांनी पाठलाग केला त्याची तक्रार आपण तेव्हा पोलीस ठाण्यात नोंदवली होती का? नसेल तर असा पुढचा प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी लेखी नोंदवा.

परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे लिहिलेले असते. आपल्या धंद्यात हे फार महत्त्वाचे, कारण माल बघायला माणूस सहज दोडामार्गला जातो किंवा चोर्ला घाट चढून कर्नाटकात उतरतो. परवाना गोव्यापुरता असेल तर तपासणी नाक्यापलीकडे तेच शस्त्र आपल्याला गुन्हेगार ठरवू शकते. आणखी एक अडचण निवडणुकांची. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे सर्वसाधारणपणे पोलिसांकडे जमा करावी लागतात आणि सवलत हवी असल्यास जिल्ह्याच्या छाननी समितीकडे जावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि गोव्यात मतदान ७ मे रोजी झाले, म्हणजे काजूचा जवळजवळ सारा हंगाम त्यात गेला. ज्या महिन्यांत आपल्याला शस्त्राची गरज वाटते, नेमक्या त्याच महिन्यांत ते आपल्याजवळ नसण्याची शक्यता खरी आहे.

गोळी झाडण्याचा हक्क कधी आहे, हे तर शस्त्र घेण्यापूर्वीच पाठ असले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि स्वसंरक्षणाची कलमे तीत ३४ ते ४४ अशी आहेत. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर कलम ३८ नुसार हल्लेखोराचा मृत्यू ओढवण्यापर्यंत हा हक्क जातो, आणि जबरी चोरीच्या बाबतीत कलम ४१ मालमत्तेच्या रक्षणासाठीही तो देते. परंतु कलम ३७ सांगते की गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि कलम ४३ नुसार जबरी चोरीविरुद्धचा हक्क, चोर इजा करत आहे, अडवून धरत आहे किंवा तशी तत्काळ भीती आहे, तोपर्यंतच टिकतो. पैशांची पिशवी घेऊन तो मोटरसायकलवर बसून पळू लागला आणि आपण पाठीत गोळी घातली, तर न्यायालयात आपली बाजू मांडणे अतिशय कठीण होईल. गोळी .२५ ची होती की .३२ ची, याने तिथे काही फरक पडत नाही. ‘लहान गोळी आहे, नुसते घाबरवण्यासाठी झाडली’ हा बचाव तर कोणी मनातही आणू नये; अग्निशस्त्राने केलेला वार हा प्राणघातक वार म्हणूनच पाहिला जातो.

उत्तर : सुपारी व्यापारी, सांगे

आमचाही धंदा रोखीचा होता. मोठ्या बागायतदारांचे पैसे आता थेट बँकेत भरतो, लहानांपैकी बरेच जण मोबाइलवर घ्यायला तयार झाले, आणि उरलेली रोकड एका फेरीत न नेता दोन गाड्यांत विभागून, वार बदलून नेतो. गाडीत दुसरा माणूस असतोच. शस्त्र घेऊ नका असे मी म्हणत नाही, पण नेण्याजोगी रक्कमच कमी केली तर परवाना मिळेपर्यंतचे महिने तरी निर्धास्त जातात.

प्रश्नकर्ता : काजू व्यापारी, डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, पाठलागाची तक्रार नोंदवलेली नाही. यापुढे तसे होणार नाही. लाकडाच्या तुकड्याचा प्रयोग आजच पिकअपमध्ये करून पाहिला आणि पट्टा लावलेला असताना तुकडा खिशातून बाहेर आलाच नाही. .२५ चा विचार सोडून दिला आहे. फोंड्याच्या सरांना आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. .३२ चे रिव्हॉल्व्हर घेतले तर गाडीत ते कुठे असावे? आणि घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, तर रात्री ते कसे ठेवावे?

उत्तर : निवृत्त शस्त्र प्रशिक्षक, फोंडा

गाडीच्या कप्प्यात, सीटखाली किंवा दरवाजाच्या खणात ठेवू नका. गाडी वजनकाट्यावर उभी करून आपण खाली उतराल तेव्हा शस्त्र गाडीत राहील आणि तिथूनच ते चोरीला जाईल. ते आपल्या अंगावरच असावे, तेही होल्स्टरमध्ये. शस्त्र नियम, २०१६ नुसारही सार्वजनिक ठिकाणी ते उघडे बाळगता येत नाही. बसून चालवणाऱ्याला कमरेच्या मागे लावलेले होल्स्टर निरुपयोगी असते. पट्ट्यावर पुढच्या बाजूला, उजव्या हाताच्या माणसाने डावीकडे, मूठ उजवीकडे वळलेली, असे आडवे होल्स्टर लावले की सीटबेल्ट असतानाही हात पोहोचतो. सैलसर, बाहेर सोडलेला सुती शर्ट त्यावर पुरेसा झाकतो. रिव्हॉल्व्हरचा घोडा बाहेर असेल तर त्याचे टोक शर्टाच्या कापडात अडकते, म्हणून काढताना अंगठा त्या टोकावर ठेवण्याची सवय लावावी. हा सराव महिनाभर रिकाम्या शस्त्राने, भिंतीकडे तोंड करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून करावा.

मुलाच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही. रिव्हॉल्व्हरचा जड चाप लहान मुलाला ओढता येणार नाही, असे गृहीत धरू नका. मुले दोन्ही अंगठे लावून तो ओढतात. घरी येताच काडतुसे बाहेर काढा, चक्राची सर्व घरे बोट फिरवून तपासा, शस्त्र भिंतीला बोल्टने पक्के केलेल्या लोखंडी तिजोरीत ठेवा आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा. दोन्ही किल्ल्या आपल्याच जवळ असू द्या. तिजोरीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला ती बदला. अंगावर वागवलेली काडतुसे पावसाळा संपला की सरावात झाडून टाका आणि नवी भरा. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे मिळतील ते ठरलेले असते, तेव्हा अर्ज करतानाच सरावासाठी लागणारी संख्या धरून मागणी करा.